शेल: आज्ञा आपली, वाक्य कोणाचे?

संगणकाला आज्ञा देण्याचे दोन मार्ग आपल्याला माहीत आहेत. पडद्यावरच्या चित्रांवर क्लिक करायचे, नाहीतर काळ्या खिडकीत शब्द टाइप करायचे. या दुसऱ्या मार्गाची बाजू मांडणारा एक गाजलेला निबंध आहे: नील स्टीफन्सन यांचा १९९९ सालचा ‘इन द बिगिनिंग वॉज द कमांड लाइन’. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, चित्रमय पडदा आपल्या आणि यंत्राच्या मध्ये रूपकांचे थर उभे करतो; शब्दांनी आज्ञा देताना आपण यंत्राच्या अधिक जवळ असतो. निबंध बहारदार आहे, आणि त्यात तथ्यही आहे. पण त्यावरून कोणी म्हणू लागले की कमांड लाइन म्हणजे यंत्राशी थेट बोलणे, तर तिथे आपण थांबले पाहिजे.

का ते बघू. शेल म्हणजे कवच. आतला गाभा म्हणजे कर्नल, आणि त्याच्याभोवतीचे हे कवच. युनिक्समध्ये आपण टाइप केलेली ओळ जशीच्या तशी पुढे जात नाही. शेल ती वाचतो, मधल्या स्पेस पाहून शब्द तोडतो, खुणांचा विस्तार करतो आणि तयार झालेले नवे वाक्य प्रोग्रॅमच्या हाती देतो. म्हणजे शेल हा दुभाषी झाला!

उदाहरण घेऊ. नाव बदलण्याची आज्ञा आहे एमव्ही. आपण लिहिले, ‘एमव्ही स्टार-डॉट-टीएक्सटी स्टार-डॉट-बॅक’. आपला हेतू असा की टीएक्सटी शेपटाच्या सगळ्या फायली बॅक शेपटाच्या व्हाव्यात. जुन्या डॉसमध्ये रेन या आज्ञेने हे होत असे, कारण तिथे स्टार ही खूण आज्ञेपर्यंत पोहोचायची. युनिक्समध्ये मात्र ती एमव्हीला दिसतच नाही. शेलने तिच्या जागी आधीच फायलींची नावे ठेवलेली असतात. आता समजा, फोल्डरमध्ये एकच टीएक्सटी आणि एकच बॅक फाइल आहे. मग एमव्हीला दोनच नावे मिळतात, आणि पहिली फाइल मुकाट्याने दुसरीच्या डोक्यावर बसते. दुसरी गेली. चूक झाली असे कोणीच म्हणत नाही.

आपल्या नैयायिकांनी वाक्यार्थासाठी तीन अटी सांगितल्या: आकांक्षा, योग्यता आणि संनिधी. पुढे काहींनी तात्पर्यही जोडले, म्हणजे बोलणाऱ्याचा हेतू. शेलला यातले काय कळते? आकांक्षा थोडीफार; अवतरण उघडून मिटवले नाही तर तो पुढच्या ओळीची वाट पाहतो. संनिधी तर फारच काटेकोर. पुसण्याची आज्ञा आहे आरएम. ‘आरएम स्टार-डॉट-टीएक्सटी’ लिहिताना स्टारनंतर चुकून एक स्पेस पडली, की एका शब्दाचे दोन होतात. फोल्डरमधल्या साध्या फायली पुसल्या जातात, आणि वर तक्रार येते की ‘डॉट-टीएक्सटी’ नावाची फाइल सापडली नाही! योग्यता म्हणाल तर, विस्तवाने झाडे शिंपा म्हटले तरी शेल विस्तव घेऊन निघेल. आणि तात्पर्य? त्याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

मग शेल टाकाऊ म्हणायचा का? आम्हाला तसे वाटत नाही. चित्रमय पडदाही दुभाषीच आहे. पण फाइल कचरापेटीत ओढली तेव्हा आत नेमकी कोणती आज्ञा गेली, हे तो सहसा सांगत नाही. शेल विचारले तर सांगतो. ओळीच्या आरंभी ‘इको’ हा शब्द लावा. ‘इको आरएम स्टार-डॉट-टीएक्सटी’ म्हटले की काही पुसले जात नाही. शेलने घडवलेले वाक्य तेवढे पडद्यावर उमटते. ते वाचा, पटले तर इको काढून आज्ञा द्या. दुभाष्याने आपल्या तोंडी काय घातले, हे बोलण्याआधी ऐकण्याची ही सोय आहे.

म्हणून स्टीफन्सन यांच्या निबंधाला आपण एवढीच दुरुस्ती सुचवू. शेलचे मोल तो मध्ये नाही यात नाही. मध्ये असूनही तो तपासता येतो, यात आहे. पण तपासायचे कोणी? ते काम शेल करत नाही. आज्ञा ज्याची, जबाबदारीही त्याचीच.