'काहीतरी' ह्या सर्वनामाचे मोल : एका जाहिरातीची चिकित्सा

जाहिरात हा वाङ्मयप्रकार मानावा की नाही, ह्याविषयी मतभेद संभवतो. परंतु मोजक्या शब्दांत फार मोठ्या समुदायाच्या मनावर परिणाम घडविण्याचे सामर्थ्य ज्या लेखनात आहे, ते वाङ्मयीन कसोटीवर घासून पाहण्यास प्रत्यवाय नसावा. सप्टेंबर २०१८ मध्ये नायकी ह्या अमेरिकन कंपनीने आपल्या 'जस्ट डू इट' ह्या घोषवाक्याच्या तिसाव्या वर्षानिमित्त एक कृष्णधवल छायाचित्र प्रसिद्ध केले. कॉलिन केपर्निक ह्या फुटबॉलपटूचा चेहरा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन लहान वाक्ये, एवढाच तिचा ऐवज. कशावर तरी निष्ठा ठेवा, मग त्यापायी सर्वस्व गमवावे लागले तरी बेहेत्तर, असा त्यांचा आशय. पाठोपाठ सुमारे दोन मिनिटांचा एक बोलपटही आला. ह्या जाहिरातीची थोरवी पुष्कळांनी गायिली आणि तितक्याच पुष्कळांनी तिचा धिक्कार केला. मात्र तिच्या शब्दयोजनेकडे फारसे कोणी वळले नाही.

ती समजण्यासाठी थोडा पूर्ववृत्तान्त आवश्यक आहे. येथे फुटबॉल म्हणजे महाराष्ट्रात परिचित असलेला खेळ नव्हे, तर लंबगोल चेंडू हाती घेऊन खेळला जाणारा अमेरिकन खेळ. त्यात 'क्वार्टरबॅक' हा चढाईचा सूत्रधार असतो. केपर्निक हा सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स ह्या संघाचा क्वार्टरबॅक. १२ जानेवारी २०१३ रोजी ग्रीन बे संघाविरुद्ध त्याने चेंडू घेऊन स्वतः १८१ यार्ड धाव घेतली आणि क्वार्टरबॅकांचा नवा विक्रम केला. ३ फेब्रुवारी २०१३ च्या अंतिम सामन्यात त्याचा संघ बाल्टिमोरकडून ३१–३४ असा निसटता हरला. पुढे मात्र उतार लागला. २०१५ मध्ये त्याला संघातील पहिले स्थान गमवावे लागले, आणि त्यानंतर खांदा, अंगठा व गुडघा ह्यांवर शस्त्रक्रिया झाल्या.

ह्या उतरत्या काळातच, ऑगस्ट २०१६ मध्ये, राष्ट्रगीताच्या वेळी तो बसून राहिला. कृष्णवर्णीयांवर अन्याय करणाऱ्या देशाच्या ध्वजाविषयी अभिमान दाखविण्यासाठी आपण उभे राहणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. पोलिसांच्या हातून होणाऱ्या हत्यांचा त्याने उघड निर्देश केला. नेट बॉयर ह्या माजी सैनिकाशी बोलणे झाल्यावर १ सप्टेंबर रोजी त्याने बसण्याऐवजी एक गुडघा टेकला. सैनिकांचा अनादर होऊ नये, हा त्यातील हेतू होता. मार्च २०१७ मध्ये त्याने आपला करार सोडला. त्यानंतर एकाही संघाने त्याला घेतले नाही. तेव्हा त्याचे वय अवघे २९ होते.

त्याची कारकीर्द खेळ खालावल्यामुळे संपली, की भूमिकेमुळे? ह्या प्रश्नाची दोन्ही सोपी उत्तरे अपुरी आहेत. २०१६ मध्ये तो आरंभापासून खेळलेल्या ११ सामन्यांपैकी एकच त्याच्या संघाने जिंकला, हे खरे. पण त्याच हंगामात त्याने १६ टचडाउन-फेका केल्या आणि त्याच्या केवळ ४ फेका प्रतिपक्षाने हिरावल्या, हेही खरे. शिखरावरून उतरलेला खेळाडू आणि निरुपयोगी खेळाडू ह्यांत अंतर असते; व्यावसायिक संघ त्या अंतरावर राखीव क्वार्टरबॅक नेमीत असतात. उताराने त्याचे पहिले स्थान गेले असते. जागाच गेली, ह्याचे स्पष्टीकरण उतार देऊ शकत नाही. संघमालकांनी संगनमत केल्याची तक्रार त्याने ऑक्टोबर २०१७ मध्ये दाखल केली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ती गुप्त तडजोडीने मिटली. त्यामुळे ह्या प्रश्नावर निवाडा कधीच झाला नाही.

आता मूळ वाक्याकडे वळावे. त्याचा कणा म्हणजे 'कशावर तरी' हे अनिश्चित सर्वनाम. केपर्निकचे बोलणे नेमके होते : कोण मारले जातात, कोण मारतो, कोणास शिक्षा होत नाही. जाहिरातीत ह्या सर्वांच्या जागी 'काहीतरी' आले. बोलपटातही अपंग कुस्तीगीर, एका हाताचा फुटबॉलपटू, निर्वासित छावणीतून आलेला खेळाडू, सेरेना विल्यम्स अशी जिद्दीची मालिका आहे. पण टेकलेला गुडघा नाही आणि पोलिसही नाहीत. निषेध हा जिद्दीचा एक पोटप्रकार होऊन बसला.

ह्यावर असा आक्षेप घेता येईल की, न सांगता सुचविणे हेच उत्तम काव्याचे लक्षण होय. तो चेहरा दिसताच प्रेक्षकास सारा इतिहास स्मरतो, तेव्हा उच्चाराची गरज काय? आक्षेप वजनदार आहे. परंतु आनंदवर्धनाने ध्वनी आणि गुणीभूतव्यंग्य ह्यांत भेद केला आहे, तो येथे उपयोगी पडतो. सूचित अर्थ प्रधान असेल तेथे ध्वनी. तो दुसऱ्या कशाच्या सेवेस लागला असेल तेथे गुणीभूतव्यंग्य. येथे वर्णभेदाचा अर्थ सुचतो खरा, पण सुचून तो बोधचिन्हाच्या पायाशी बसतो. मराठीत 'काहीतरीच!' हा उद्गार एखादे बोलणे हसण्यावारी नेण्यासाठी काढतात. जाहिरातीतील 'काहीतरी' त्याच्या फार दूर नाही.

'सर्वस्व' ह्या शब्दाचीही हीच गत. मेक्सिको येथे १९६८ साली टॉमी स्मिथ व जॉन कार्लोस ह्यांनी मूठ उंचावली, तेव्हा त्यांना स्पर्धेतून घालवून देण्यात आले. मुहंमद अलीस १९६७ पासून १९७० पर्यंत मुष्टियुद्धाला मुकावे लागले. त्या वेळी विरोधाला दंड होता, बाजारभाव नव्हता. २०१८ मध्ये दंड व भाव दोन्ही एकाच माणसाच्या पदरी पडले. आणि भाव देणारी कंपनीच त्याला दूर ठेवणाऱ्या लीगचे गणवेशही पुरवीत होती. तिच्या समभागांची किंमत आरंभी घसरली, पण त्याच महिन्यात पूर्वीहून वर गेली.

म्हणून केपर्निकची कृती खोटी ठरते काय? मुळीच नाही. जाहिरातीपूर्वीच, जानेवारी २०१८ पर्यंत, त्याने दहा लाख डॉलर विविध सेवासंस्थांना देण्याचे वचन पुरे केले होते. २०१९ मध्ये त्याच्या हरकतीनंतर त्याच कंपनीने जुन्या अमेरिकन ध्वजाचे चित्र असलेला एक जोडा मागे घेतला. तेव्हा पैशाबरोबर थोडी सत्ताही हाती आली होती. दोष कर्त्याचा नाही. कृतीचे कर्म पुसून केवळ कर्ता ठेवणाऱ्या वाक्यरचनेचा आहे. जून २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर लीगच्या आयुक्तांनी खेळाडूंचे आधी ऐकले नाही ही चूक कबूल केली. त्या निवेदनात केपर्निकचे नाव नव्हते. जाहिरातीने नाव ठेवून कारण गाळले, लीगने कारण घेऊन नाव गाळले. दोन्ही मिळूनच ते वाक्य पुरे होते, आणि ते पुरे वाचणे हे समीक्षेचे काम आहे.