मागचे गळे

बायकांच्या सामुदायिक गाण्यात ऐकावे ते मागचे गळे, असे माझे मत आहे. पुढची गाते, पण तिला गाण्याचे धैर्य देतात त्या मागच्याच.

न्यू जर्सीतल्या शाळकरी मैत्रिणींच्या ‘शिरेल्स’ या मेळ्याची ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ ही १९६० सालची तबकडी घ्या. शर्ली ओवेन्सचा आवाज काही तयारीचा नव्हे, किंचित खरखरीतच. आजचे हे प्रेम उद्या टिकेल का, असा प्रश्न ती विचारते. आईबापांसमोर एखादी मुलगी तो उच्चारणार नाही. पण मागे तिघी काही निरर्थक अक्षरे घोळवीत उभ्या आहेत आणि व्हायोलिनांची लगबग चालली आहे. त्या आडोशाने तिला विचारता येते. आमच्याकडे सासुरवासाचे गाऱ्हाणे जात्याच्या घरघरीच्या आडोशानेच बाहेर पडत असे.

याच्या उलट फिल स्पेक्टरची रीत. लॉस एंजेलिसच्या ‘गोल्ड स्टार’ स्टुडिओत तो अनेक गिटारी, अनेक पियानो एकदमच वाजवून घेई आणि सारा नाद प्रतिध्वनीच्या खोलीतून फिरवून आणी. कानाला ते भव्य वाटते, यात शंका नाही. मात्र त्या नादात गळे असे विरघळतात की कोणाचा कोणता ते उमगू नये. १९६२ च्या ‘ही इज अ रेबेल’ या तबकडीवर नाव छापले ‘क्रिस्टल्स’चे, गायली होती डार्लीन लव्ह आणि तिच्या ‘ब्लॉसम्स’ मेळ्यातल्या सख्या! आपल्याकडे तरी काय? ‘महल’मधल्या १९४९ च्या त्या प्रसिद्ध गाण्याच्या तबकडीवर लताबाईंऐवजी ‘कामिनी’ या पात्राचे नाव होते.

आता आमच्या बीड जिल्ह्यातले माजलगाव. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्याच कामात बर्नार्ड बेल या फ्रेंच संगीत-अभ्यासकाने १९९६ च्या एप्रिलात भीमनगर वस्तीतल्या बायकांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या कोणालाही ऐकता येतात. विषय बाबासाहेबांचा, पण त्यांना जयजयकाराच्या उंचीवर न नेता या बायका त्यांना आपल्या घरातला माणूस करतात. येथे ना व्हायोलिन, ना प्रतिध्वनीची खोली. सूर काटेकोर एक होत नाहीत. कडा सुट्याच राहतात.

शाळेत मुलींच्या प्रार्थनेचे सूर जुळवण्यात माझी निम्मी हयात गेली, म्हणून सांगते: ह्या सुट्या कडा घासून काढल्या असत्या तर बायका गेल्या असत्या आणि नुसता कोरस उरला असता. ध्वनिमुद्रण करणाराने त्यांना हात लावला नाही, हे त्याच्या कानाचे मोठेपण. फराळाचे दळण गिरणीत टाकून आलात की घटकाभर ऐका; पुढचीला तिच्या वाटेने जाऊ द्या, आणि मागच्यांतली एक कोणती ते ओळखू येते का पाहा.