दुभाष्याची नवी आवृत्ती : ‘एस-ट्रेस’च्या अद्ययावतीकरणाचा विचार

संगणकातील दोष हुडकण्याची जी साधने आहेत, त्यांपैकी लिनक्स प्रणालीवरील ‘एस-ट्रेस’ हे भाषेच्या अभ्यासकाने अवश्य पाहावे असे आहे. कोणताही प्रोग्राम स्वतःच्या बळावर फाइल उघडू शकत नाही. त्यासाठी त्याला प्रणालीच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, विनंती करावी लागते. हिलाच ‘सिस्टिम कॉल’ म्हणतात. तिचे मूळ रूप केवळ आकड्यांचे असते : एक क्रमांक आणि त्यासोबत काही मूल्ये. एस-ट्रेस ही विनंती वाटेत थांबविते, तिला वाचनीय रूप देते आणि गाभ्याचे उत्तरही नोंदविते. ते एक दुभाष्याच आहे; म्हणून दुभाष्याला लावावयाच्या कसोट्याच त्याला लावणे उचित होय.

हे साधन पॉल क्रॅनेनबर्ग यांनी १९९१ साली सनओएस प्रणालीसाठी रचले. ब्रँको लँकेस्टर यांनी ते लिनक्सवर आणले आणि १९९३ साली रिक स्लॅडकी यांनी दोन्ही शाखा एकत्र केल्या. २०१८ च्या अखेरीस निघालेल्या ४.२६ या आवृत्तीनंतर मार्च २०१९ मध्ये एकदम ५.० ही आवृत्ती आली. तेव्हापासून साधनाचा आवृत्तिक्रमांक गाभ्याच्या क्रमांकाबरोबर चालतो. भाषा आणि भाषांतरकार यांचे वय एकच असावे, अशीच ही जाहीर कबुली म्हणावयास हरकत नाही.

साधन मूळ कर्त्यांच्या नवीनतम आवृत्तीपर्यंत नेण्याच्या कामी ‘अपस्ट्रीम’ हा शब्द रूढ आहे. त्यातील रूपक नदीचे आहे : कर्ते उगमाशी, वितरक आणि वापरणारे खालच्या अंगाला. पाठचिकित्सेतही प्रवाहाच्या वरच्या दिशेनेच जावयाचे असते. परंतु तेथे जितके वर जावे तितका पाठ जुना मिळतो, येथे जितके वर जावे तितका नवा. शब्द सारखा दिसला तरी प्रामाण्याची कल्पना उलटी आहे. जुना पाठ जपणारा वितरक येथे मूळाचा रक्षक ठरत नाही. तो मूळापासून दूर राहिलेला असतो.

याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. २०२० साली गाभ्याच्या ५.६ या आवृत्तीत ‘ओपनॅट२’ ही फाइल उघडण्याची नवी विनंती आली. तिचा क्रमांक ४३७. एस-ट्रेसच्या ५.० या आवृत्तीस हा शब्द ठाऊक नाही. ती केवळ क्रमांक आणि स्मृतीतील पत्ते छापते. कोणती फाइल मागितली, कोणत्या अटींवर मागितली, हे वाचकास कळतच नाही. दुभाष्या खोटे बोलत नाही. पण नेमक्या जागी तो बोबडा होतो, आणि दोष तेथेच असला तर वाचकाचे निदान चुकते.

यावर स्थैर्याचा आक्षेप घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. या साधनाचा उतारा आपोआप वाचणाऱ्या लहानमोठ्या आज्ञावली अनेकांनी लिहिल्या आहेत. आवृत्तीगणिक मांडणी बदलली की त्या मोडतात. तथापि हा युक्तिवाद इतर प्रोग्रामांना जितका लागू पडतो तितका दुभाष्याला पडत नाही. बोलणाऱ्यांची भाषा बदलत असता दुभाष्यास स्थिर ठेवणे म्हणजे स्थैर्य नव्हे. ते अज्ञान होय.

परंतु नवी आवृत्ती बसविली म्हणजे सर्व साधले, हा समजही तितकाच भाबडा आहे. २०१७ साली जी-लिबसी या मूलभूत ग्रंथालयाच्या २.२६ या आवृत्तीपासून ‘ओपन’ हे कार्य गाभ्याकडे ‘ओपनॅट’ या विनंतीने जाऊ लागले. ‘केवळ ओपन दाखवा’ असे जुन्या सवयीने विचारणाऱ्यास मग कोराच कागद मिळू लागला. फाइल उघडली जातच होती. जुना झाला होता तो वाचकाचा प्रश्न.

याहून मोठी मर्यादा ‘आयओ-यूरिंग’ची. २०१९ साली गाभ्यात आलेल्या या योजनेत प्रोग्राम आपल्या मागण्या सामाईक स्मृतीतील एका वर्तुळात लिहून ठेवतो आणि गाभा त्या तेथून उचलतो. एस-ट्रेसला बहुधा दाराशी झालेली हाक तेवढी ऐकू येते. चिठ्ठीवरील मजकूर त्याच्या हाती येत नाही. येथे शब्दकोश वाढवून भागत नाही, कारण संभाषणाची वाटच बदलली आहे.

सारांश, एस-ट्रेसचे अद्ययावतीकरण ही सोय नसून अर्थनिर्णयाची पूर्वअट आहे. मात्र ती पुरेशी अट नव्हे. उताऱ्यात जे दिसत नाही ते घडलेच नाही, असे मानण्यापूर्वी दुभाष्याची आवृत्ती, आपला प्रश्न आणि संभाषणाची वाट ही तिन्ही तपासणे वाचकास प्राप्त आहे.