‘जोखीम’ कोणाची? भोपाळच्या कागदपत्रांचा भाषिक विचार

उद्योगसंस्थांच्या व्यवहारातून ‘जोखीम व्यवस्थापन’ आणि ‘आपत्ती-पूर्वतयारी’ हे दोन सामासिक शब्द आता मराठीतही रूढ झाले आहेत. त्यांच्यामागील कल्पना बाहेरून आली असली तरी ‘जोखीम’ हा शब्द मराठीत जुना आहे, आणि त्याच्या अर्थच्छटा नव्या उपयोगात पुसट होत चालल्या आहेत. मराठीत जोखीम म्हणजे केवळ धोका नव्हे. दुसऱ्याची मोलाची वस्तू सांभाळण्याचे उत्तरदायित्व, आणि प्रसंगी ती वस्तूदेखील, या शब्दाने दर्शविली जाते. म्हणूनच जोखीम ‘पत्करावी’ लागते, ‘अंगावर घ्यावी’ लागते. मराठी बोलणारा मनुष्य ‘जोखीम कोणाची?’ असा षष्ठीचा प्रश्न विचारतो आणि ‘धोका कोणाला?’ असा चतुर्थीचा. ‘जोखीम व्यवस्थापन’ या समासात दोन्ही प्रश्नांना जागा उरत नाही. विभक्तीचा लोप हा समासाचा स्वभावच असल्यामुळे व्याकरणाची त्याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु ज्या व्यवहारात या दोन प्रश्नांची उत्तरे हीच मुख्य गोष्ट असते, तेथे हा लोप निरुपद्रवी राहतो काय, हे तपासून पाहणे अवश्य आहे.

या तपासणीस युनियन कार्बाइड या अमेरिकन उद्योगसंस्थेच्या भोपाळ येथील कारखान्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. भारतीय कंपनीत मूळ संस्थेचा वाटा ५०.९ टक्के होता. कीटकनाशकांच्या निर्मितीसाठी लागणारा मिथाइल आयसोसायनेट हा अत्यंत विषारी द्रव तेथे मोठ्या टाक्यांत साठविला जात असे. १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले, उष्णता व दाब वाढले, आणि सुमारे ४० टन विषारी वायू शहरावर पसरला. मृतांचा शासनाने मान्य केलेला एक आकडा ३,७८७ होता. पुढे नुकसानभरपाईच्या व्यवहारात तो ५,००० च्या वर गेला. पीडितांच्या संघटना तो याच्याही कित्येक पट मानतात. पाणी एका कामगाराने हेतुपुरस्सर सोडले, असे कंपनीचे म्हणणे राहिले. कामगारांना व पीडितांना ते मान्य नाही. हा वाद प्रस्तुत विवेचनाच्या कक्षेबाहेरचा आहे. पाणी कसेही शिरलेले असो, त्यानंतर जे कामास यावयास हवे होते ते का आले नाही, एवढाच येथे प्रश्न आहे.

पूर्वतयारी नव्हतीच, असे कागदांवरून म्हणता येत नाही. द्रव शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवावा, असा संकेत होता व त्यासाठी शीतयंत्रणा होती. ती जून १९८४ मध्ये बंद करण्यात आली. निसटलेला वायू क्षारद्रावणाने निष्प्रभ करणारे यंत्र होते. ते त्या काळात नुसते सज्ज म्हणून ठेवलेले होते. वायू जाळून टाकणारा मनोरा होता. त्याच्या नळाचा एक भाग दुरुस्तीसाठी काढलेला होता. पाण्याचे फवारे होते. ते वायू जेथून बाहेर पडत होता त्या उंचीपर्यंत पोहोचत नव्हते. म्हणजे ‘आहे’ हे क्रियापद प्रत्येक ठिकाणी खरे होते आणि कोठेही पुरेसे नव्हते. यादीच्या भाषेची ही मर्यादा लक्षात घेण्यासारखी आहे. यादी अस्तित्व नोंदविते. ती वस्तू आज रात्री चालेल काय, आणि न चालल्यास जाब कोणाला विचारावयाचा, हे ती सांगत नाही.

मे १९८२ मध्ये मूळ संस्थेकडून आलेल्या तज्ज्ञांच्या पथकाने कारखान्याची सुरक्षा-तपासणी केली होती. त्यापूर्वी काही महिने, डिसेंबर १९८१ मध्ये, फॉस्जीन वायूच्या बाधेने एका कामगाराचा मृत्यू झाला होता. पथकाच्या अहवालाला निष्काळजी म्हणणे अन्यायाचे होईल. विषारी द्रव्य बाहेर पडण्याची शक्यता, गळक्या झडपा, कामगारांची वारंवार होणारी बदली हे सर्व त्यात नोंदलेले आहे. परंतु तोच अहवाल निकटचा किंवा तातडीने दुरुस्ती करावी असा धोका दिसला नाही, असेही नमूद करतो. येथे समीक्षकाने थांबावयास हवे. ‘शक्यता’ आणि ‘निकटता’ या दोन पदांच्या मध्ये जो अवकाश आहे, त्यात कारखान्याची पुढील अडीच वर्षे गेली. मधल्या काळात दुरुस्त्या पूर्ण होत आल्याचे भोपाळकडून वरिष्ठ कार्यालयास कळविले जात होते. कागदाला कागदाचे उत्तर मिळत होते, आणि दोन्ही कागद आपापल्या परीने नियमास धरून होते. त्याच सुमारास कारखाना तोट्यात होता, आणि मिथाइल आयसोसायनेट विभागातील कामगारांची संख्या निम्म्यावर आणली गेली. अहवालातील ‘शक्यता’ माणसे कमी झाल्याने वाढली, हे ज्याने लिहावयास हवे असे पद मात्र कोणत्याच कागदाच्या वाक्यरचनेत नव्हते.

या वाक्यांचे कारकदृष्ट्या परीक्षण केले तर दोष अधिक स्पष्ट होतो. मूळ कागद इंग्रजीत आहेत, व त्या भाषेत आपल्यासारखी विभक्तिव्यवस्था नाही, हे खरे. तथापि कारकसंबंध हे प्रत्ययांवर अवलंबून नसतात. ते क्रियेच्या अर्थातच असतात. ‘वायू बाहेर पडण्याची शक्यता आहे’ या वाक्यात कर्ता वायू आहे. जो झडप दुरुस्त करणार नाही तो कर्ता येथे नाही, आणि ज्याच्या श्वासात वायू जाणार तोही नाही. ‘सांगणे’ या क्रियेला कर्ता, कर्म आणि संप्रदान असे तिन्ही लागतात. भोपाळच्या कागदपत्रांत कर्म भरपूर होते. सांगणारा अस्पष्ट होता, आणि ज्याला सांगावयाचे तो जवळजवळ सर्वत्र गैरहजर होता.

हे संप्रदान कोण? पहिले म्हणजे टाकीपाशी उभा असलेला कामगार. कारखान्यातील कार्यपुस्तिका व सूचनाफलक इंग्रजीत होते, आणि अनेक कामगारांचा व्यवहार हिंदीतच चाले. १९४८ च्या कारखाना कायद्याने लावावयाच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, असे बंधन घातले होते. पण ते बंधन कायद्याचा गोषवारा व तत्सम सूचना यांपुरते होते. टाकीचा दाब वाढल्यास काय करावे, हे सांगणाऱ्या पुस्तिकेला ते लागू नव्हते. म्हणजे कामगाराला त्याचे हक्क त्याच्या भाषेत वाचावयास मिळावेत याची काळजी विधिमंडळाने घेतली. त्याच्या प्राणांशी निगडित असलेला मजकूर मात्र कंपनीच्या भाषेत राहिला.

तथापि सर्व दोष इंग्रजीवर टाकणे सोपे असले तरी बरोबर नाही. त्या रात्रीची एक नोंद याचा पुरावा आहे. रात्री १० वाजून २० मिनिटांनी टाकीतील दाब दर चौरस इंचास २ पौंड होता; ११ वाजता, पाळी बदलल्यानंतर, तो १० पौंड दिसला. २ ते २५ ही नेहमीची मर्यादा असल्यामुळे त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. आकड्यांना इंग्रजी-हिंदीचा भेद नसतो. १० हा आकडा सर्वांना समजत होता. अडचण अशी की, त्याला भूतकाळ नव्हता. आधीच्या पाळीतला २ हा आकडा नव्या पाळीपर्यंत वाक्य बनून पोहोचला नाही. ‘दाब १० आहे’ आणि ‘दाब ४० मिनिटांत पाचपट झाला आहे’ ही एकाच वस्तुस्थितीची दोन वाक्ये आहेत. पहिले ऐकणारा स्वस्थ राहतो, दुसरे ऐकणारा उठतो. साडेअकराच्या सुमारास कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. गळती आहे हे त्यांनी जाणले, पण लहानसहान गळती तेथे नित्याचीच असल्यामुळे चहा झाल्यावर पाहू, असे ठरले. जी खूण रोज दिसते तिचा अर्थ झिजून जातो, हे भाषेच्या अभ्यासकास नवीन नाही.

संप्रदानाचा दुसरा घटक म्हणजे भिंतीपलीकडील वस्ती. जयप्रकाश नगर कारखान्यासमोरच होते. तेथील लोकांसाठी एकच शब्द उपलब्ध होता, तो म्हणजे भोंगा. पण कारखान्याच्या आतील भोंगा व वस्तीला ऐकू जाणारा भोंगा हे वेगळे करण्यात आले होते. किरकोळ गळतीने लोकांत उगाच घबराट होऊ नये, हा त्यामागचा हेतू. त्या रात्री बाहेरचा भोंगा थोडा वेळ वाजून बंद झाला, आणि पुन्हा वाजला तेव्हा दोन वाजण्याचा सुमार होता. तोपर्यंत वायू घराघरांत शिरला होता. तो वेळेवर वाजला असता तरी त्याचा अर्थ लोकांना कोणी शिकविला नव्हता. ओले फडके नाकातोंडाशी धरावे, वाऱ्याच्या दिशेने पळू नये, एवढी दोन वाक्ये हिंदीत आगाऊ सांगितली गेली असती तर कित्येक जीव वाचण्याचा संभव होता. अब्जावधींचा व्यवहार असलेल्या संस्थेच्या पूर्वतयारीत ही दोन वाक्ये नव्हती.

वाक्ये बोलणारे कोणी नव्हतेच, असे नाही. भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ मध्ये ‘रपट’ या आपल्या हिंदी साप्ताहिकातून, आणि जून १९८४ मध्ये ‘जनसत्ता’तून, शहरावरील या संकटाचा स्पष्ट इशारा दिला होता. त्यांच्या लेखनाचे वैशिष्ट्य असे की, त्यात संप्रदान होते: ते शहराला उद्देशून लिहीत होते. अधिकृत व्यवहारात मात्र त्या लेखनाला स्थान मिळाले नाही. १९८२ च्या अखेरीस राज्याच्या विधानसभेतही भोपाळला धोका नसल्याचे आश्वासन मंत्र्यांकडून दिले गेले. येथे ‘धोका कोणाला?’ या प्रश्नाला चतुर्थी मिळाली खरी, पण ती नकारार्थी वाक्यात.

या मुद्द्यावर असा आक्षेप येऊ शकेल की, हा प्रकार गरीब देशातील अशिक्षित वस्तीचा आहे. सुशिक्षित समाजात तो घडला नसता. वस्तुस्थिती या आक्षेपास अनुकूल नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यात इन्स्टिट्यूट येथे याच संस्थेचा दुसरा कारखाना होता. तेथील टाक्यांत अनावर रासायनिक क्रिया होऊ शकते व तीवरील उपाय वेळेवर लागू पडणार नाहीत, असा इशारा देणारा अंतर्गत अहवाल सप्टेंबर १९८४ मध्ये तयार झाला होता. तो भोपाळला पाठविला गेला नाही. भोपाळच्या घटनेनंतर त्या कारखान्यात नवी सुरक्षायंत्रणा बसविली गेली, आणि तरीही ऑगस्ट १९८५ मध्ये तेथे दुसऱ्या एका विषारी द्रव्याची गळती होऊन शंभराहून अधिक लोकांना रुग्णालयात जावे लागले. तेथेही बाहेर खबर देण्यास विलंब झाला. तेथे सांगणारा व ऐकणारा दोघांचीही भाषा इंग्रजीच होती. यावरून हे सिद्ध होते की, प्रश्न केवळ भाषांतराचा नाही. संप्रदानाला वाक्यात स्थान देण्याची इच्छा आधी हवी. भाषांतर हे त्यानंतरचे, सोपे काम.

पुढील कायद्यांनी हीच उणीव ओळखली, असे दिसते. अमेरिकेत १९८६ मध्ये आपत्तीनियोजनाचा व वस्तीच्या माहितीच्या हक्काचा कायदा झाला. भारतात १९८७ च्या दुरुस्तीने कारखाना कायद्यात धोक्यांची माहिती कामगारांना, स्थानिक प्राधिकरणास आणि परिसरातील जनतेला देण्याचे बंधन घालण्यात आले. निकटच्या धोक्याची सूचना देण्याचा कामगाराचा हक्कही त्यात आला. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर विधिमंडळाने हरवलेली चतुर्थी परत आणली. षष्ठीचे तसे झाले नाही. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. जून २०१० मध्ये भोपाळच्या न्यायालयाने भारतीय कंपनीच्या सात अधिकाऱ्यांना दोषी ठरवून दोन वर्षांची शिक्षा दिली. मूळ संस्थेचे तत्कालीन अध्यक्ष वॉरेन अँडरसन हे खटल्यास कधीच उभे राहिले नाहीत, व २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले. जोखीम कोणाची, हा प्रश्न अशा रीतीने अनुत्तरित राहिला.

उद्योगसंस्थांच्या पूर्वतयारीच्या आराखड्यांचे मूल्यमापन अभियंता व हिशेबतपासनीस आपापल्या परीने करतातच. त्यास भाषेच्या अभ्यासकाने एक साधी कसोटी जोडावी. आराखड्यातील प्रत्येक वाक्य समासातून सोडवून पाहावे: कोणी, कोणाला, कोणत्या भाषेत, किती वेळात सांगावयाचे आहे? ज्या वाक्याला ही पदे पुरविता येत नाहीत, ते वाक्य दक्षतेचे नसून केवळ दप्तराचे आहे. मराठीने ‘जोखीम’ हा शब्द या नव्या शास्त्राला दिला आहे. दुसऱ्याचे मोलाचे आपल्या हाती आहे, हा त्या शब्दाचा जुना अर्थही त्याबरोबर दिला जावा. भोपाळमध्ये ते मोलाचे म्हणजे भिंतीपलीकडे झोपलेली माणसे होती.