छायाचित्रांचे मथळे व त्यांची विश्वसनीयता

फेलीचे बेआतो यानें घेतलेलें लखनौच्या सिकंदरबागेचें छायाचित्र संग्राहकांस परिचितच आहे. त्याच्या प्रचलित मथळ्यांत २००० बंडवाल्यांची कत्तल व नोव्हेंबर १८५७ मधील सर कॉलिन कॅम्बेलचा हल्ला यांचा निर्देश आहे. पटांगणांत अस्थि विखुरलेल्या दिसतात. साहजिकच पाहणारास वाटतें कीं, हा कत्तलीच्या लगेच नंतरचा देखावा होय. वस्तुतः बेआतो हिंदुस्थानांत आला तोच १८५८ च्या आरंभीं. लढाई १६ नोव्हेंबर १८५७ ची. छायाचित्र पुढील वर्षाच्या मार्च-एप्रिलच्या सुमाराचें. अस्थि चित्राकरितां उकरून मांडल्या असाव्या, असेंहि अभ्यासक मानतात. मथळा सर्वस्वीं खोटा नाहीं. परंतु तो घटनेचा काळ सांगतो, चित्राचा नव्हे. 'बंडवाले' हा तर जेत्यांचा शब्द. चित्रावरून तो सिद्ध होत नाहीं.

मराठी दप्तरांतील पत्राची मिति व पैवस्ती आपण निरनिराळ्या धरतों; तोच विवेक येथें पाहिजे. म्हणून मथळाच नको, असें म्हणणें मात्र युक्त नव्हे. निनांवी चित्र एका पिढींत मुकें होतें. मूळ मथळा जसाच्या तसा उतरून घ्यावा. तो कोणाच्या हातचा, हें कळल्यास नोंदावें. घटनेचा व चित्राचा काळ वेगळा लिहावा. आणि आपला तर्क कंसांत, चित्रावर नव्हे तर वेष्टनावर, द्यावा. जुना मथळा चुकीचा ठरला तरी खोडूं नये. ती चूक कोणीं व कां केली, हाहि इतिहासाचाच पुरावा आहे.