पाटी धरलेला बाप

रब्बी अकिवाची गोष्ट सुरू होते तेव्हा त्याचं वय ४० आहे आणि त्याला अक्षरओळखही नाही. रोमन अमलाखालच्या यहुदियातला, पहिल्या-दुसऱ्या शतकातला हा माणूस. ज्यू धर्मशास्त्राचा पाया असलेल्या मिश्नेच्या घडणीत ज्यांचं नाव सर्वांत आधी घ्यावं अशांपैकी तो एक. ‘आवोत द-रब्बी नातान’ या जुन्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात त्याच्या शिकण्याची हकिकत आली आहे. ती अगदी लहान आहे, पण मोठ्या वयात शास्त्र शिकायला बसणाऱ्या माणसाचं मन इतकं नेमकं पकडणारं लेखन माझ्या वाचनात दुसरं नाही.

अकिवा विहिरीच्या तोंडाशी उभा आहे. तिथला दगड पोखरलेला दिसतो. हा कोणी कोरला, असं तो विचारतो. रोज पडणाऱ्या पाण्याने, असं लोक सांगतात, आणि वर म्हणतात, पाण्याने दगड झिजतो हे शास्त्रात आहे, वाचलं नाहीस का? ज्याला अक्षर लावता येत नाही त्याला हा प्रश्न! त्यातली बोच अकिवा उगाळत बसत नाही. मऊ पाणी कठीण दगड कोरत असेल, तर लोखंडासारखी कठीण तोरेची, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाची, वचनं माझं रक्तमांसाचं काळीज का कोरणार नाहीत, असा हिशेब तो तिथल्या तिथे मांडतो आणि शिकायला निघतो. आपल्याकडे ज्याला कैमुतिक न्याय म्हणतात, त्याच धाटणीचा हा युक्तिवाद. ज्यू शास्त्रचर्चेत तो पदोपदी येतो. रब्बी इश्माएलने सांगितलेल्या अर्थनिर्णयाच्या १३ नियमांत तो पहिलाच आहे. म्हणजे पाटी हातात घेण्याआधीच अकिवा शास्त्र्याच्या रीतीने विचार करतो आहे. कथा याविषयी एक अक्षरही बोलत नाही, पण ४० वर्षं जगलेला माणूस कोरा नसतो हे आपल्याला दिसतं.

लोकांनी ज्या वचनाचा दाखला दिला ते हिब्रू बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातलं, १४ व्या अध्यायातलं. मुलंबाळं, मालमत्ता, प्रकृती, सगळं गमावून बसलेला ईयोब तिथे देवाशी बोलतो आहे. पाणी दगड झिजवतं तशी तू माणसाची आशा धुळीला मिळवतोस, असं त्याचं गाऱ्हाणं आहे. अकिवा तेच पाणी पाहतो आणि त्याला उमेद येते. निरक्षर अकिवाला मूळ संदर्भ ठाऊक असण्याचं कारण नाही. पण ही कथा रचणाऱ्यांना ईयोब तोंडपाठ होता. धर्मग्रंथातल्या सर्वांत उदास ओळींपैकी एक त्यांनी मुद्दाम उचलली आणि एका माणसाच्या आयुष्याची सुरुवात तिच्यावर बेतली. या परंपरेत वचनाला मान द्यायचा म्हणजे त्याला नव्या जागी उभं करून पाहायचं. ती रीत या एका प्रसंगात पुरती सापडते.

मग शाळा. अकिवा आपल्या लहान मुलाला घेऊन बालवर्गाच्या गुरुजींकडे जातो. पाटीचं एक टोक बाप धरतो, दुसरं मुलगा. मूळ कथनात दोघांचं वाक्य अगदी सारखं आहे, फक्त कर्ता बदलतो. बापाला लाज वाटली, मुलं हसली, असं काही नाही. पाटीपुढे दोघांची पायरी एकच. गुरुजी आलेफ-बेत ही हिब्रूची पहिली अक्षरं लिहून देतात, अकिवा शिकतो. पुढे सगळी मुळाक्षरं, मग लेवीयाचं पुस्तक, मग संपूर्ण तोरा.

यानंतर येतं ते मला या कथेचं मर्म वाटतं. अकिवा रब्बी एलिएझर आणि रब्बी यहोशुआ या थोर आचार्यांकडे जातो. त्यांनी एक नियम समजावला की उठून एका बाजूला जाऊन बसतो आणि स्वतःशी विचारतो, हा आलेफ इथे का लिहिला? हा बेत कशासाठी? ही गोष्ट मुळात सांगितलीच का? परत येऊन तो असे प्रश्न घालतो की गुरू निरुत्तर होतात. लहानपणी शिकलेल्याला आलेफ श्वासासारखा असतो, त्याकडे लक्षच जात नाही. अकिवाने ४० वर्षं त्याच्यावाचून काढली होती. म्हणून ते अक्षर कोणीतरी तिथे ठेवलं आहे हे त्यालाच दिसलं. उशिरा शिकणारा मागे पडलेलं भरून काढत असतो असं आपण धरून चालतो. इथे त्या उशिरातूनच अकिवाची पद्धत जन्मली.

मिश्नेवरच्या चर्चांचा ग्रंथ असलेल्या तालमुदाच्या ‘मेनाखोत’ भागात या पद्धतीचा गौरव आहे. देव तोरेतल्या अक्षरांवर बारीक मुकुट चढवतो आहे आणि मोशे त्याचं कारण विचारतो. पुढे अकिवा नावाचा माणूस यातल्या टोकाटोकातून नियमांच्या राशी काढील, असं देव सांगतो. मोशे अकिवाच्या वर्गात जाऊन आठव्या रांगेच्या मागे बसतो, आणि त्याला काहीच कळत नाही. मग एक शिष्य विचारतो, हे कशावरून? हे सिनाय पर्वतावर मोशेला देवाकडून मिळालं आहे, असं अकिवा सांगतो, तेव्हा मोशेचा जीव भांड्यात पडतो.

आपल्याकडच्या बेने इस्राएल ज्यू बांधवांनी पुण्यात १८७४ साली हिब्रू आणि मराठी मजकुराचा हग्गादा छापला. वल्हांडण सणाच्या रात्री वाचायच्या या पोथीतही अकिवा भेटतो. बने ब्राक या त्याच्या गावी पाच आचार्य मिसर देशातून सुटकेची कथा रात्रभर सांगत बसले आहेत, पहाटेच्या प्रार्थनेची वेळ झाली हे शिष्यांना येऊन सांगावं लागतं. त्या पाचांत एलिएझर आणि यहोशुआ आहेत. गुरू शिष्याच्या गावी, त्याच्या पंक्तीला.

‘आवोत’मधल्या हकिकतीचा शेवट मात्र मला जाचतो. अकिवा रोज लाकडांची मोळी आणतो, अर्धी विकून पोट भरतो, अर्धी जाळून त्या उजेडात वाचतो. शेजारी धुराने हैराण होऊन म्हणतात, लाकडं आम्हाला वीक आणि दिव्याला तेल घे. तो म्हणतो, याच लाकडांवर मी वाचतो, शेकतो आणि झोपतोही. इथवर सगळं जिवंत आहे. मग ग्रंथ निकाल देतो की गरिबीची सबब सांगणाऱ्यांना अकिवाच्या उदाहरणाने दोषी ठरवलं जाईल, कारण तोही गरीब होता आणि त्यालाही मुलंबाळं होती. त्या मुलाबाळांचं पोट कोण पाहत होतं, हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात राहतोच. तालमुदाच्या ‘केतुबोत’ भागाला तो पडलेला दिसतो. तिथे हजारो शिष्य घेऊन परतलेल्या अकिवासमोर साध्या कपड्यातली त्याची बायको येते आणि शिष्य तिला बाजूला सारू लागतात. अकिवा त्यांना थांबवतो आणि बजावतो, माझी विद्या आणि तुमची विद्या, दोन्ही हिची आहे.