न्यूट्रॉन बघितला का?

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, तत्त्वज्ञानाच्या मास्तरांनी अणुभट्टीत कशाला डोकवावं? कारण सांगतो. मध्यंतरी आमच्या नातीने संगणकावर एक ॲनिमेशन उघडून दिलं. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाचा 'फेट' नावाचा उपक्रम आहे, नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केलेला. त्यातलं हे केंद्रकीय विखंडनाचं ॲनिमेशन. बटण दाबलं की बंदुकीतून न्यूट्रॉन सुटतो, युरेनियम-२३५च्या केंद्रकावर जातो, केंद्रक फुटतं, नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात. नात म्हणाली, "आजोबा, बघितला न्यूट्रॉन?" आम्ही म्हणालो, "बघितला की!" आणि मग वरमलो. प्रत्यक्ष आणि अनुमान यांतला फरक शिकवण्यात आमची सारी नोकरी गेली, आणि एका बटणासरशी तो विसरलो.

आधी गुण सांगू. साखळी अभिक्रिया फळ्यावर समजावणं अवघड आहे. इथे मुलगी स्वतः केंद्रकं वाढवते, कमी करते. केंद्रकं विरळ असली की साखळी तुटते, दाट असली की धडाका उडतो. अणुभट्टीच्या भागात नियंत्रक दांडे आत ढकलले की शक्ती उतरते, वर ओढले की चढते. हे हाताने करून कळतं. आमच्या पिढीला हे मिळालं नाही, म्हणून नाक मुरडण्याचा आमचा हेतू नाही.

आक्षेप दुसरा आहे. न्यूट्रॉन आहे हे माणसाला कसं कळलं, ही गोष्टच या खेळात नाही. तो पहिल्या क्षणापासून रंगीत गोळी होऊन हजर असतो.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. थंडीत पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलं की उसापलीकडे धूर दिसतो. आपण म्हणतो, गुऱ्हाळ सुरू झालं. नैयायिकांचं धूर आणि अग्नीचं अनुमान ते हेच. पण कुणी पाचट पेटवलं असेल तर? धूर तोच, कारण वेगळं. मग आपण बघतो, धूर एकाच जागेवरून सतत येतोय का, रसाचा वास येतोय का. म्हणजे अनुमान तपासतो.

१९३२ साली नेमकं हेच झालं. बेरिलियमवर अल्फा कणांचा मारा केला की त्यातून काहीतरी बाहेर पडतं, ते पॅराफिन मेणावर आदळलं की मेणातून प्रोटॉन उडतात. पॅरिसमध्ये इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांनी हे पाहिलं आणि म्हणाले, ही गॅमा किरणं. केंब्रिजमध्ये जेम्स चॅडविक यांनी हिशेब मांडला. गॅमा किरणांनी एवढे वेगवान प्रोटॉन उडवायचे तर त्यांच्यात अशक्य वाटावी इतकी ऊर्जा हवी. त्यांनी मेणाच्या जागी इतर पदार्थ ठेवून पाहिले. सगळ्यांचा मेळ एकाच गोष्टीने बसत होता: विद्युतभार नसलेला, प्रोटॉनच्या वजनाचा कण. धूर दोघांनी एकच पाहिला, अग्नी एकाने ओळखला. १९३५चं नोबेल त्यासाठीच.

आणि आजही न्यूट्रॉन कुणाला दिसत नाही. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला 'अप्सरा' ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. अशा भट्टीच्या पाण्यात निळा प्रकाश दिसतो, पण तो पाण्यातून सुसाट जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे. न्यूट्रॉन मोजायचा तर तो बोरॉनला गिळू द्यायचा आणि त्यातून निघालेला अल्फा कण पकडायचा. कॅनडात बर्ट्राम ब्रॉकहाउस यांच्याबरोबर काम करून आलेले पी. के. अय्यंगार यांनी तुर्भ्याला न्यूट्रॉन-विकिरणाचं संशोधन उभं केलं. तिथेही न्यूट्रॉनचा आधीचा आणि नंतरचा वेग ताडून पदार्थातले अणू कसे थरथरतात हे ठरवायचं. सगळी अनुमानाची साखळी!

आणखी दोन गोष्टी पडद्यावर मावत नाहीत. अणू खासबाग मैदानाएवढा धरला तर त्याचं केंद्रक मधोमध ठेवलेल्या ज्वारीच्या दाण्याएवढं. पडद्यावर मात्र केंद्रकं खेटून उभी. दुसरी गोष्ट वेगाची. विखंडनातून निघालेला न्यूट्रॉन सेकंदाला सुमारे २०,००० किलोमीटर धावतो. पाण्यातल्या हायड्रोजनशी टकरा घेत तो सेकंदाला सुमारे २.२ किलोमीटरवर येतो, आणि हा मंद झालेलाच युरेनियम-२३५ फोडायला कितीतरी पट जास्त उपयोगी. हजारो पटींचा हा फरक पडद्यावर खरा दाखवता येणार नाही, हे मान्य. पण मग 'हे प्रमाणात नाही' एवढं तरी मोठ्या अक्षरात लिहावं.

आम्ही सुचवू ते असं. पहिल्या पडद्यावर न्यूट्रॉन दाखवूच नका. बेरिलियम दाखवा, मेण दाखवा, उडणारे प्रोटॉन दाखवा आणि विचारा, मधून काय गेलं असेल? मुलांना गॅमा म्हणू द्या, चुकू द्या. हिशेब जमेना झाला की मग ती गोळी येऊ द्या.

नातीला आम्ही बंद डब्यात एक वस्तू घालून दिली. उघडायचा नाही, हलवून सांगायचं. तिने दहा मिनिटं डबा हलवला, तिरका केला, कानाशी धरला आणि म्हणाली, "गोटी आहे, पण काचेची की लोखंडाची ते कळंना." मग तिने स्वतःच लोहचुंबक मागितलं. त्यानंतर चॅडविकची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे त्यांनीपण डबा उघडला नव्हता?"

नव्हता. अजून कुणी उघडलेला नाही. शिक्षक मंडळींना एवढीच विनंती, ॲनिमेशन जरूर दाखवा, पण त्याआधी पोरांच्या हातात एक बंद डबा द्या.